कणा, क्षय आणि वाढीचे वय

मराठवाड्याला १९५६ हे साल आठवते ते राज्य बदलल्यामुळे. हैदराबाद राज्य संपले आणि हा प्रदेश द्विभाषिक मुंबई राज्यात आला. पाठीच्या कण्यावरील उपचारांचा इतिहास लिहिणाऱ्यालाही याच सालापाशी थांबावे लागते. त्या वर्षी हाँगकाँगचे आर्थर हॉजसन आणि फ्रान्सिस स्टॉक या दोन शल्यविशारदांनी एक धाडसी शस्त्रक्रिया जगापुढे मांडली. क्षयाने पोखरलेल्या मणक्यापर्यंत थेट पुढच्या बाजूने पोचायचे, सडलेले हाड काढायचे आणि तिथे नवे हाड बसवायचे, अशी ती शस्त्रक्रिया. त्याच वर्षी मद्रासला क्षयावरच्या औषधांचा अभ्यास करणारे केंद्र सुरू झाले. आणि त्याच वर्षी औरंगाबादला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. त्याचे रुग्णालय आज सगळा मराठवाडा ‘घाटी’ या नावाने ओळखतो.

तिन्ही ठिकाणच्या माणसांना एकमेकांची खबर असण्याचे कारण नव्हते. पण पाठीला बाक आलेल्या मुलाचे भवितव्य पुढे ज्या तीन गोष्टींनी बदलले, त्या म्हणजे शस्त्रक्रिया, औषध आणि पोचता येईल असे रुग्णालय. पैठण रस्त्यावरच्या चितेगावात तेव्हा कारखानदारी यायची होती. अशा गावातल्या मुलाच्या पाठीवर उंचवटा दिसू लागला, तर घरचे हाडवैद्याकडे जात, नवस बोलत आणि शेवटी ‘कुबड आले’ म्हणून गप्प बसत. हा बाक का येतो, तो थांबवता येतो का आणि किती सरळ करता येतो, याची उत्तरे शोधण्यात शल्यविद्येची शंभराहून अधिक वर्षे गेली.

ओढून सरळ करण्याचा काळ

वाकलेला कणा दोन्ही टोकांनी ताणला की सरळ होईल, ही कल्पना फार जुनी आहे. भागवताच्या दशम स्कंधातली कुब्जेची कथा कीर्तनांतून आपल्या घराघरांत पोचली आहे. श्रीकृष्णाने तिची पावले आपल्या पायाने दाबून धरली, हनुवटीखाली दोन बोटे लावली आणि तिला वर उचलून सरळ केले. ग्रीसमध्ये हिप्पोक्रेटिसच्या नावावरच्या ग्रंथांत रुग्णाला फळीवर बांधून दोन्हीकडून ओढण्याची रीत सांगितली आहे. शिडीला बांधून शिडी आपटण्याचेही वर्णन त्यात आहे. मात्र या उपायाने कोणी सरळ झाल्याचे ऐकिवात नाही आणि लोकांना थक्क करू पाहणारे वैद्यच तो करतात, असेही तिथे बजावले आहे.

१७४१ मध्ये फ्रान्सच्या निकोला आंद्री यांनी मुलांच्या वाकड्या हाडांवर पुस्तक लिहिले. त्यातले दोरीने खुंटाला बांधलेल्या वाकड्या रोपाचे चित्र आजही जगभरच्या अस्थिरोगतज्ज्ञांच्या संघटना बोधचिन्ह म्हणून वापरतात. १७७९ मध्ये लंडनच्या पर्सिव्हल पॉट यांनी पाठीवरचा टोकदार उंचवटा आणि पायांतली गेलेली ताकद यांचा संबंध दाखवून दिला. कण्याच्या क्षयाला आजही त्यांच्या नावाने ओळखतात. पण त्यामागचा जंतू दिसायला १८८२ साल आणि रॉबर्ट कॉख उजाडावे लागले.

मधल्या काळात पॅरिसच्या ज्यूल गेराँ यांनी पाठीचे स्नायू कातडीखालून कापून बाक घालवण्याचा दावा केला. १८४०च्या सुमारास या शस्त्रक्रियेचा मोठा बोलबाला झाला. जोझेफ माल्गेन्य या शल्यविशारदाने शस्त्रक्रिया झालेले रुग्ण तपासले आणि फायदा झालेला दिसत नाही, असे जाहीर केले. वाद न्यायालयापर्यंत गेला आणि ती शस्त्रक्रिया मागे पडली. कण्यावरच्या शल्यविद्येला हा पहिला मोठा धडा मिळाला. शस्त्रक्रियेचा गाजावाजा आणि तिचा परिणाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परिणाम बघायचा तर रुग्णाकडे काही वर्षांनी पुन्हा जावे लागते.

हाडाला हाड जोडले

माणसाच्या पाठीत मानेचे ७, छातीचे १२ आणि कमरेचे ५ असे २४ हलते मणके असतात. कणा दोन तऱ्हांनी बिघडतो. एकात तो बाजूला वळतो आणि वळता वळता स्वतःभोवती पिळतोही. त्यामुळे एका बाजूच्या बरगड्या मागे येतात. याला स्कोलिओसिस म्हणतात. दुसऱ्यात तो पुढे झुकतो, तो कायफोसिस. क्षय मणक्याचा पुढचा भाग खातो, मागचा भाग तसाच राहतो, आणि मणका पुढे कोसळून पाठीवर टोक येते.

कण्यावरची आधुनिक शस्त्रक्रिया या क्षयामुळेच जन्माला आली. १९११ मध्ये न्यूयॉर्कच्या दोन शल्यविशारदांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे एकच ध्येय गाठले. रसेल हिब्स यांनी मणक्यांच्या मागच्या भागाचे हाड सोलून त्याच्या चिपा शेजारच्या मणक्यावर टेकवल्या. फ्रेड आल्बी यांनी नडगीच्या हाडाची पट्टी काढून ती मणक्यांच्या मागे बसवली. दोन्हींचा हेतू एकच होता. आजारी मणके एकमेकांना जुळून एकसंध व्हावेत, त्यांची हालचाल थांबावी आणि कोसळणेही थांबावे. क्षयावर औषध नव्हते, त्या काळात हालचाल थांबवणे हाच उपचार होता. तीन वर्षांनी, १९१४ मध्ये, हिब्स यांनी हीच रीत स्कोलिओसिससाठी वापरली.

रुग्णाच्या बाजूने पाहिले तर हा उपचार फार कठीण होता. आधी बाक सरळ करण्यासाठी धडावर प्लास्टर, त्याच प्लास्टरच्या खिडकीतून शस्त्रक्रिया, आणि नंतर हाड जुळेपर्यंत अनेक महिने अंथरुणावर पडून राहणे. एवढे करून हाती काय लागले, याची तपासणी अमेरिकन अस्थिरोगतज्ज्ञांच्या संघटनेने केली. तिचा अहवाल १९४१ मध्ये आला. ४२५ रुग्णांची पाहणी झाली होती. मणके जोडलेल्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक जणांचा निकाल मध्यम किंवा वाईट होता. अनेकांत हाड जुळलेच नव्हते आणि सरळ झालेला बाक परत आला होता. स्वतःच्या कामाची इतकी कठोर मोजदाद डॉक्टरांनीच छापली, ही त्या पिढीची मोठी देणगी आहे. पुढची सुधारणा त्या अहवालामुळेच शक्य झाली.

पोलिओ आणि पोलादी सळी

दुसरे महायुद्ध संपत असताना पॉल हॅरिंग्टन नावाचे तरुण शल्यविशारद टेक्सासमधल्या ह्यूस्टनला आले. तिथे पोलिओच्या साथी येत होत्या. पोलिओत पाठीच्या एका बाजूचे स्नायू दुबळे होतात आणि वाढत्या वयाचे मूल बसल्या जागी कलंडू लागते. बरगड्या आवळतात, फुप्फुसांना जागा उरत नाही. अशा मुलांना छातीभर प्लास्टर घालणे म्हणजे त्यांचा उरलेला श्वास कोंडणे होते. कण्याला आतूनच आधार द्यावा, या विचाराकडे हॅरिंग्टन यांना या मुलांनी वळवले.

त्यांनी स्क्रू वापरून पाहिले, मग हुक आणि दातेरी पोलादी सळी तयार केली. बाकाच्या वरच्या आणि खालच्या मणक्यात हुक अडकवायचे आणि सळीच्या दात्यांवरून हुक पुढे सरकवत कणा ताणायचा. सुरुवातीला मणके न जोडता नुसती सळी बसवली, तेव्हा सळ्या तुटल्या, हुक निसटले. धातू कितीही चांगला असला तरी तो कायमचा भार पेलणार नाही, हाड जुळेपर्यंतच त्याने टिकायचे आहे, हे त्यांनी ओळखले. सळी आणि हिब्स यांची हाड जोडण्याची रीत एकत्र आली. १९६२ मध्ये त्यांचा लेख प्रसिद्ध झाला आणि पुढची वीसेक वर्षे हॅरिंग्टनची सळी म्हणजेच स्कोलिओसिसची शस्त्रक्रिया, असे समीकरण जगभर झाले.

पोलिओ आपल्याकडेही होताच. मुंबईत फातेमा इस्माईल यांच्या मुलीला पोलिओ झाला आणि योग्य उपचारासाठी त्यांना दूर मद्रासच्या डॉ. एम. जी. किणी यांच्यापर्यंत जावे लागले. आपल्या मुलीला जे मिळाले ते इतरांच्या मुलांना शहरातच मिळावे, म्हणून त्यांनी १९४७ मध्ये मुंबईत अपंग मुलांच्या पुनर्वसनाची संस्था उभी केली. हाजी अलीचे मुलांचे अस्थिरोग रुग्णालय त्यातूनच निघाले. फातेमाबाईंना १९५८ मध्ये पद्मश्री मिळाली. एका आईने सुरू केलेल्या या कामामुळे हजारो घरांना समजले की वाकलेले अंग हा दैवाचा भाग मानून बसायचे नसते. २०१४ च्या मार्चमध्ये भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणित झाले, आणि कणा वाकवणारे एक मोठे कारण देशातून गेले.

क्षयाशी दोन वाटांनी लढा

क्षयाचे तसे झाले नाही. हॉजसन आणि स्टॉक यांच्या हाँगकाँगमध्ये चीनमधून आलेल्या निर्वासितांची दाटी होती आणि मुलांमध्ये कण्याचा क्षय फार होता. मागून हाड जोडूनही पुढे पू आणि सडलेले हाड तसेच राहते, मग तिथेच का जाऊ नये, असा त्यांचा प्रश्न होता. छाती उघडून ते मणक्याच्या पुढच्या बाजूला पोचले, रोगट भाग साफ केला आणि पोकळीत बरगडीचा तुकडा रोवला. १९४०च्या दशकात आलेल्या स्ट्रेप्टोमायसिनमुळेच हे धाडस करता आले. औषधाच्या संरक्षणाशिवाय क्षयाची गाठ उघडणे म्हणजे जखम कायमची वाहती ठेवणे होते.

मद्रासच्या केंद्राने दुसरी वाट दाखवली. फुप्फुसाच्या क्षयासाठी सॅनेटोरियमची हवा, विश्रांती आणि चांगला आहार अत्यावश्यक मानला जाई. मिरजेजवळ वानलेसवाडीला अशाच विश्वासातून सॅनेटोरियम उभे राहिले होते. औषधे नियमित घेतली तर दाटीवाटीच्या घरात राहूनही रुग्ण तितकाच बरा होतो, हे मद्रासच्या अभ्यासाने १९५९ मध्ये सिद्ध केले. कण्याच्या क्षयाचाही असाच तपास ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने १९६०च्या दशकापासून कोरिया, हाँगकाँग आणि ऱ्होडेशियात केला, पुढे मद्रासमध्येही. महिनोन्‌महिने अंथरुणावर पडून राहिल्याने किंवा प्लास्टर घातल्याने जास्तीचा फायदा होत नाही, औषधे घेत हिंडणाराही बरा होतो, असे आढळले. हाँगकाँगच्या शस्त्रक्रियेने हाड लवकर जुळते आणि बाक कमी राहतो, हेही आढळले.

या दोन निष्कर्षांचा मेळ घातला तो वाराणसीच्या डॉ. एस. एम. तुली यांनी. १९७५ मध्ये त्यांनी ‘मध्यम मार्ग’ मांडला. औषधे सगळ्यांना द्यायची आणि शस्त्रक्रिया फक्त निवडक रुग्णांवर करायची. औषधांनी सुधारणा होत नसेल, पायांची ताकद परतत नसेल किंवा निदानाबद्दल शंका असेल, तेव्हाच चाकू हाती घ्यायचा. ज्या देशात रुग्ण लाखोंनी आणि कण्याचे शल्यविशारद मोजके, तिथे याहून शहाणा मार्ग नव्हता. आजही आपल्या रुग्णालयांत कण्याच्या क्षयाचा उपचार याच चौकटीत होतो.

मग शस्त्रक्रिया करायची ठरली तर कुठून शिरायचे? मुंबईत या प्रश्नावर महत्त्वाचे काम झाले. ज्वलंत मेहता आणि शेखर भोजराज यांनी छातीच्या मणक्यांच्या क्षयाचे एमआरआयच्या आधारे चार गट पाडले. रोग फक्त पुढे आहे की सगळीकडून पसरला आहे, बाक आला आहे का, रुग्णाला छाती उघडणे सोसेल का, यावरून कोणत्या बाजूने जायचे हे ठरवता येते, असे त्यांनी २००१ मध्ये मांडले. डॉ. भोजराज यांनी १९९८ मध्ये स्पाइन फाउंडेशन सुरू केले आणि गडचिरोलीत अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या साथीने कण्याचे उपचार आदिवासी भागात नेले.

वाढ: शत्रू आणि मित्र

२००१ मध्येच, मेहता आणि भोजराज यांचा लेख ज्या ब्रिटिश नियतकालिकात आला त्यातच, तमिळनाडूच्या डॉ. एस. राजशेखरन यांचा एक अभ्यास आला. या साऱ्या इतिहासातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा निष्कर्ष त्यात आहे. कण्याचा क्षय औषधांनी बरा झालेल्या ६१ मुलांवर त्यांनी १५ वर्षे नजर ठेवली. रोग सगळ्यांचाच गेला होता. तरीही ३९ टक्के मुलांचा बाक वाढ पूर्ण होईपर्यंत वाढतच राहिला. ४४ टक्के मुलांत तो वाढीबरोबर कमी होत गेला आणि १७ टक्क्यांत आहे तसा राहिला. म्हणजे जंतू मेल्यावरही कण्याचे भवितव्य ठरायचे बाकी असते, आणि ते ठरवते मुलाची वाढ. कोणत्या मुलाचा कणा कोसळण्याच्या वाटेवर आहे, हे ओळखण्याच्या चार खुणाही त्यांनी एक्स-रेवर दाखवून दिल्या. त्या दिसल्या तर वेळीच छोटी शस्त्रक्रिया करून पुढचे मोठे कुबड टाळता येते.

लंडनमध्ये मिन मेहता यांनी तान्ह्या मुलांच्या स्कोलिओसिसमध्ये हेच सत्य दुसऱ्या अंगाने पाहिले. बरगडी मणक्याला कोणत्या कोनात मिळते, त्यावरून बाक आपोआप जाईल की वाढेल, हे सांगण्याची रीत त्यांनी १९७२ मध्ये दिली. २००५ मध्ये त्यांनी १३६ मुलांचा अनुभव मांडला. सरासरी दीड वर्षाच्या आसपास आलेल्या ९४ मुलांचा बाक ठरावीक काळाने बदललेल्या प्लास्टरनेच नाहीसा झाला. सरासरी अडीच वर्षांच्या वयात, जास्त बाक घेऊन आलेल्या ४२ मुलांत तो कमी झाला, पण गेला नाही. एका वर्षाच्या उशिराने एवढा फरक पडला.

याची दुसरी बाजूही शल्यविशारदांना शिकावी लागली. फार लहान वयात मणके जोडले तर कणा वाढायचा थांबतो, धड आखूड राहते आणि फुप्फुसे पुरेशी फुलत नाहीत. म्हणून आज लहान मुलांत सहसा मणके न जोडता वाढवता येणाऱ्या सळ्या बसवतात आणि मूल वाढेल तशा त्या लांब करतात.

दरम्यान शस्त्रक्रिया अधिक सुरक्षित होत गेली. कणा ताणताना मज्जारज्जूला इजा होऊन पाय जाण्याची भीती नेहमीच असे. १९७३ मध्ये फ्रान्सच्या पिएर स्टान्यारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक चाचणी प्रसिद्ध केली. शस्त्रक्रिया चालू असतानाच रुग्णाला अर्धवट शुद्धीवर आणायचे आणि पाय हलवायला सांगायचे. पाय हलले तर पुढे जायचे, नाहीतर ताण सैल करायचा. आता मज्जारज्जूचे संदेश विजेच्या यंत्रावर सतत वाचले जातात. मेक्सिकोच्या एदुआर्दो लुके यांनी प्रत्येक मणका तारेने सळीला बांधला आणि रुग्णाची नंतरच्या प्लास्टरमधून सुटका केली. फ्रान्सच्या कोत्रेल आणि द्युबुसे यांनी १९८०च्या दशकात कण्याचा पीळही सोडवायला सुरुवात केली, कारण नुसता ताण देणाऱ्या सळीने कमरेचा नैसर्गिक बाक सपाट होत असे. पुढे कोरियाच्या से-इल सुक यांनी छातीच्या मणक्यांतही स्क्रू बसवून सुधारणेची पकड घट्ट केली. आजच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्ण काही दिवसांतच चालू लागतो. हिब्स यांच्या रुग्णांना हे स्वप्नातही दिसले नसते.

चितेगावच्या आईबापांना

चितेगावात पुढे कारखाने आले, कामगार वस्ती वाढली आणि रस्ता मोठा झाला. घाटीचा दवाखाना आता बसच्या टप्प्यात आहे. अंतर उरले आहे ते लक्ष जाण्याचे. दहा ते पंधरा वर्षांच्या मुलामुलींत कोणतेही कारण न सापडणारा स्कोलिओसिस शेकडा दोन-तीन जणांत आढळतो. त्यातले बहुतेक बाक किरकोळ असतात, पण वाढण्याचा धोका मुलींना अधिक असतो. तो दुखत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. बाक साधारण २५ अंशांच्या पुढे असेल आणि वाढ बाकी असेल तर धडाभोवती घालायच्या पट्ट्याचा, म्हणजे ब्रेसचा, उपयोग होतो. ब्रेस वापरणाऱ्या ७२ टक्के मुलांचा बाक शस्त्रक्रियेच्या हद्दीबाहेर राहिला आणि नुसती देखरेख ठेवलेल्यांत हे प्रमाण ४८ टक्के होते, असे अमेरिका-कॅनडातल्या अभ्यासाने २०१३ मध्ये दाखवले. ४५-५० अंशांच्या पुढे गेल्यावर मात्र शस्त्रक्रियेचाच विचार करावा लागतो.

हा बाक ओळखण्याची सोपी परीक्षा लंडनच्या विल्यम अ‍ॅडम्स यांनी १८६५ मध्ये सांगितली. इग्वानोडॉन या प्राचीन प्राण्याचे दात ओळखणारे गिडियन मँटेल आयुष्याच्या उत्तरार्धात पाठीच्या त्रासाने हैराण होते. त्यांच्या मृत्यूनंतर अ‍ॅडम्स यांनी त्यांचा कणा तपासला आणि त्याचा पीळ त्यांना नीट कळला. परीक्षेला कसलेही यंत्र लागत नाही. मुलाला उघड्या पाठीने, पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून, दोन्ही तळहात जोडून पुढे वाकायला सांगा आणि मागून पाठ बघा. एका बाजूच्या बरगड्या वर आलेल्या दिसल्या, एक खांदा किंवा कमरेची एक बाजू उंच वाटली, तर डॉक्टरांना दाखवा. पाठीत मधोमध टोक आले असेल, पाठदुखी जात नसेल, संध्याकाळचा ताप येत असेल, वजन घटत असेल, तर क्षयाची तपासणी लगेच करा. क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रातच, पालघरला, सुरू झाला. त्याची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत मुले तपासायला येतात. ती आली की मुलांची पाठही बघायला सांगा. शाळेतल्या शिक्षकांनी आणि आशा ताईंनी ही परीक्षा शिकून घ्यावी. शंभर वर्षांच्या शल्यविद्येने सळ्या दिल्या, स्क्रू दिले, औषधे दिली. पण वाढीचे निघून गेलेले वर्ष ती परत देऊ शकत नाही. म्हणून आपल्या घरातल्या वाढत्या मुलाची पाठ वर्षातून दोनदा तरी स्वतः बघा.